हलीमाबींचा हात

लिहिण्याचे धाडस करीत आहे, याबद्दल आरंभीच क्षमा मागते. आयुष्यभर मी मुलींच्या निबंधांतील काने-मात्रे सुधारत आले. स्वतःचे चार ओळींचे टिपणही कधी कोणाला दाखवले नाही. त्यातून ज्या बाईंविषयी लिहायचे, त्यांना पुस्तकांचा तिटकारा होता. मी वाचत बसलेली दिसले की त्या म्हणत, "मास्तरीण, डोळे शिजवतेस काय गो?" त्यांच्यावर लिहिण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही. पण ज्यांना तो होता त्यांतले आता कोणी उरलेले दिसत नाही.

निमित्त घडले ते वेगळ्याच समुद्रावर. मागच्या वर्षी मुलाने आणि सुनेने मला एका मोठ्या जहाजावरून भूमध्य समुद्राच्या सफरीला नेले होते. एका बेटावर दिवसभर उतरू दिले. पांढरी घरे, लिंबांची झाडे, नातवंडांच्या हनुवटीवरून ओघळणारे आइस्क्रीम, सगळे कसे चित्रातल्यासारखे होते. संध्याकाळी परतताना जहाजाच्या शिडीपाशी एका अधिकाऱ्याने मुलाला विचारले, तुमचे कुटुंब सगळे आले ना? मागे वळून न पाहता मुलगा "हो" म्हणाला. मी तेव्हा धक्क्यावर, चपलेचा बंद लावत वाकलेली होते. ते लक्षात आल्यावर सगळे खूप हसले. मला हसता आले नाही. कानांत फार जुना एक प्रश्न घुमत होता: "घर भरलं?"

कतारमधल्या दोह्याला मी प्रथम गेले ती साठच्या दशकाच्या आरंभी. यजमान एका जहाज-एजंटाच्या कचेरीत हिशेबनीस होते. तिथला समुद्र उथळ, म्हणून मुंबईची आगबोट किनाऱ्यापासून लांब उभी राही आणि उतारूंना बाजूच्या शिडीने लाँचमध्ये उतरावे लागे. त्या दिवशी लाटा होत्या. खाली लाँच पुरुषभर वर येई आणि तितकीच खाली जाई. शेवटच्या पायरीवर माझे पाय थिजले. खालून पुरुष हात पुढे करीत होते. परक्या पुरुषाचा हात धरायचा कसा, हा एकच विचार माझ्या सुशिक्षित डोक्यात होता.

तेवढ्यात लाँचमधली एक बाई पुढे आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्याला रुमाल. तिने माझी वेणी धरली, फाडकन थोबाडीत मारली आणि मला ओढून आत पाडले. त्याच क्षणी लाँच आगबोटीच्या अंगावर आदळली आणि मी उभी होते ती पायरी काडीसारखी मोडली. तोंडात रक्ताची चव घेऊन मी लाँचच्या तळाशी पडले होते. ती बाई वाकून म्हणाली, "गाल बरा होतो, बाय. पाय तुटला तर नाय."

या हलीमाबी. रत्नागिरीजवळच्या खाडीवरच्या, लाँचच्या अब्दुल्ला तांडेलांच्या पत्नी. तांडेल म्हणजे लाँचचा प्रमुख. आगबोटीवर बायका येणार असल्या की हलीमाबी लाँचवर जात, कारण आमच्यासारख्या बायका परक्या पुरुषाच्या हाताला हात लावण्यापेक्षा समुद्रात पडणे पसंत करीत. हे काम त्यांना कोणी दिले नव्हते आणि ते त्यांच्याकडून काढून घेण्याची कोणाची छाती नव्हती.

तांडेलांची एक रीत मी त्याच दिवशी पाहिली. लाँच हलवण्यापूर्वी ते उतारूंची डोकी मोजत नसत. माणसे मोजली की समुद्रही मोजायला लागतो, असा त्यांच्या गावचा समज. त्याऐवजी ते एकेका कुटुंबाला हाक मारून विचारीत, "घर भरलं?" कुटुंबातले वडील माणूस आपली माणसे पाहून घेई आणि म्हणे, "भरलं." सगळ्या घरांचे उत्तर आले की मगच तांडेल "यल्ला", म्हणजे चला, म्हणत. उत्तर चुकले तर त्याचे पाप उत्तर देणाऱ्याच्या मानेवर, तांडेलाच्या नव्हे. मला विचारले तेव्हा मी गोंधळले. हलीमाबींनी परस्पर सांगितले, "हिचं घर किनाऱ्यावर टोपी घालून उभं हाय. चल." यजमान खरोखरच टोपी घालून उभे होते.

पुढे आम्ही शेजारी झालो. सूकच्या, म्हणजे तिथल्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत, समुद्राच्या दगडाने आणि मातीने बांधलेली दोन घरे, मध्ये एक भिंत. त्या भिंतीपलीकडून दिवसभर हलीमाबींच्या हाताचे आवाज येत. त्या मारीत. हे लिहिताना लेखणी अडखळते, पण दुसरा शब्द नाही. आपण वाक्यात स्वल्पविराम देतो, तशा त्या बोलता बोलता समोरच्याला चापटी देत. नवऱ्याला चहा देताना पाठीत, गल्लीतल्या मुलांना भाकरी देण्यापूर्वी टाळूवर, मला दंडावर. त्यांचा उजवा हात माश्यांच्या काट्यांनी चिरलेला होता, तर्जनी कधीतरी मोडून वाकडी सांधलेली, आणि मनगटात चांदीची एकच जाड बांगडी, जिचा मार वेगळा लागे. कोणी तक्रार केली तर म्हणत, "हात आपला हाय. दुसऱ्याकडं मागायला जावं लागत नाय."

एकदा तांडेलांनी मुशी आणली. मुशी म्हणजे लहान जातीचा शार्क. ही मात्र माणसाएवढी होती, आणि मेली असे समजून अंगणात टाकलेली ती मेली नव्हती. मी भिंतीवरून पाहत होते. मुशीने शेपटीच्या एका फटक्यात पाण्याचा रांजण फोडला आणि तांडेलांच्या पोटरीचा लचका तोडला. ते ओरडलेही नाहीत, नुसते खाली बसले. हलीमाबी स्वयंपाकघरातून मुसळ घेऊन आल्या. पहिला घाव डोक्यावर, दुसरा त्याच जागी. मुशी तडफडत होती, त्या तिच्या अंगावर गुडघा रोवून मारीत होत्या, आणि रक्त उंबऱ्यापर्यंत वाहत आले. ती निपचित पडल्यावरही त्यांनी दोन घाव जास्तीचे घातले. मग पदर फाडून नवऱ्याची पोटरी बांधली, बांधून झाल्यावर त्याच्याही पाठीत एक दिली आणि विळी मागितली. संध्याकाळी त्यांनी तळलेल्या तुकड्या भिंतीवरून दिल्या. मी सामिष खात नाही हे त्यांना ठाऊक होते. "खाऊ नको, पण बघ," त्या म्हणाल्या. "मेल्यावर सगळे गरीब."

दुसरा प्रसंग सूकमधला. मासळीच्या गर्दीत एक माणूस दोनदा माझ्या अंगाला घासून गेला. मी मान खाली घातली. आम्हाला तेच शिकवलेले होते. तिसऱ्या वेळी तो आला तेव्हा हलीमाबींच्या हातात नुकताच घेतलेला कुपा होता. कुपा हा मासा लाकडाच्या ओंडक्यासारखा टणक. त्यांनी तो शेपटीला धरून फिरवला. त्या माणसाची भुवई फाटली. तो उठू लागला तेव्हा त्यांनी पुन्हा मारले, आणि पुन्हा. शेवटी एक म्हातारा अरब दुकानदार हात पसरून मध्ये आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "खलास, खलास," म्हणजे पुरे झाले. त्यानेच त्यांच्या हातांवर पाणी घातले. येताना हलीमाबींनी कुपा हुंगून पाहिला. "वाया घालवायचा नाय," त्या म्हणाल्या, आणि मला एक चापटी मारून पुढे म्हणाल्या, "मान कशापायी खाली घालतेस गो? तुझं काय पडलंय खाली?"

एवढे वाचून वाचकांना वाटेल की त्यांना जगात कशाची भीती नव्हती. एका गोष्टीची होती.

त्यांची एकुलती मुलगी जुलेखा तांडेलांच्या सख्ख्या भाच्याला, हमीदला दिली होती. तो बंदरावर कारकून होता. गोरा, मृदुभाषी, स्वच्छ शर्टाचा. सासूला मामी आणि सासऱ्याला मामू म्हणे. तो जुलेखाला मारीत असे. रागाच्या भरात नव्हे. दार लावून, कपडे मळू नयेत म्हणून शर्ट काढून ठेवून तो मारी. हे जुलेखाने सांगितले नव्हते. हलीमाबींना ते हमामाच्या, म्हणजे न्हाण्याच्या, दिवशी तिच्या पाठीवर दिसले. त्या तडक मुसळ घेऊन निघाल्या, तेव्हा जुलेखा दारात आडवी पडली. "तू त्याला मारशील, मां, आणि मग पोलीस तुला नेतील," ती म्हणाली. "मग मना कोण?" हलीमाबी परत फिरल्या. त्या परत फिरलेल्या मी तोवर कधी पाहिल्या नव्हत्या.

मग त्यांनी रीतीने जायचे ठरवले. आपल्या कोकणी जमातीतल्या वडीलधाऱ्यांकडे त्या गेल्या, डोक्यावरून पदर घेऊन, आणि जुलेखाला घरी आणू द्या म्हणून विनवले. मला सोबत नेले होते, कारण मी नीट बोलते अशी त्यांची समजूत होती. बोलायची वेळच आली नाही. वडीलधाऱ्यांनी ऐकून घेतले, दाढीवरून हात फिरवला आणि हसून म्हणाले, "हलीमाबी, हात तर तुमचाही चालतो. अब्दुल्लाने कधी तक्रार केली काय? आमच्याकडे अर्धा बाजार येईल तुमच्या तक्रारी घेऊन." बसलेले सगळे हसले. चेष्टा तशी प्रेमळच होती. हलीमाबी बाहेर आल्या आणि वाटभर आपल्या उजव्या हाताकडे, तो दुसऱ्याच कोणाचा असावा तशा, बघत राहिल्या. जुलेखाला तेव्हा दिवस गेलेले होते.

त्या वर्षी ईद थंडीच्या अखेरीस आली. हिंदी कामगारांच्या कुटुंबांना सहलीसाठी एक दिवस लाँच मिळाली, आणि तांडेलांनी आम्हा सगळ्यांना एका बेटावर नेले. त्याचे अरबी नाव मला नीट उच्चारता येत नसे. आमची माणसे त्याला वाळूचं बेट म्हणत. झाड नाही, विहीर नाही. कोळ्यांची एक पडकी झोपडी, खडकावर समुद्री घारीचे काटक्यांचे घरटे, आणि चहूकडे इतके स्वच्छ पाणी की मुले आनंदाने किंचाळली. लाँच लांब खोल पाण्यात नांगरून आम्ही होडीतून खेपा करीत उतरलो. बिर्याणी होती, शेवया होत्या. हमीदने सर्वांना वाढले. बायका म्हणाल्या, असा जावई नशिबाने मिळतो.

जेवणानंतर मी आणि हलीमाबी पातेली घासायला खडकांच्या आडोशाला गेलो. तिथे हमीद आणि जुलेखा कमरभर पाण्यात होते. मला वाटले, पोहायला शिकवतो आहे. त्याने तिचे केस मनगटाभोवती गुंडाळले होते आणि तिचे डोके पाण्याखाली धरले होते. तिचे हात पाण्यावर आपटत होते. मग ते आपटायचे थांबले. त्याने डोके वर काढले, तिला श्वास घेऊ दिला, आणि पुन्हा खाली दाबले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच मला अजून आठवते. शर्ट घडी करून खडकावर ठेवलेला होता.

हलीमाबी पाण्यात शिरल्या. त्यांनी पातेले टाकले नाही. ते त्यांच्या हातात तसेच राहिले. त्याने त्यांना येताना पाहिले, सावकाश केस सोडले आणि अदबीने म्हणाला, "वाढताना सांडलंन, मामी. शिकवतोय तिला. तुमच्याच घरची रीत." आणि एक पाऊल मागे सरकून उभा राहिला. मार येईल म्हणून नव्हे. तो येणार नाही हे त्याला कळले होते म्हणून.

हलीमाबींनी हात उचलला नाही. जुलेखाला खांद्याखाली धरून त्यांनी बाहेर आणले, वाळूवर पालथी घातली, तिच्या पोटातले खारे पाणी काढले. स्वतःच्या पदराने तिचे केस पुसले. हमीदने शर्ट चढवला, गळाची दोरी घेतली आणि तो बेटाच्या पलीकडच्या अंगाला मासे धरायला निघून गेला.

उत्तरेकडे आकाश पिवळट होऊ लागले तेव्हा तांडेलांनी निघायची घाई केली. शमाल, म्हणजे तिकडचा उत्तरेचा वारा, येण्यापूर्वी बंदर गाठायला हवे होते. सामान आवरताना हलीमाबींनी चमचे पुसून पिशवीत घातले, चुलीचे दगडही सारखे केले. पाण्याचा पत्र्याचा डबा मात्र झोपडीच्या भिंतीशी ठेवून दिला. तो राहिला, असे मी म्हटले. "राहू दे," त्या म्हणाल्या. "लागेल." पाणी भरलेला डबा कोणाला लागणार, हे मी विचारले नाही, जुलेखाला धरून मी आधीच होडीकडे चालले होते.

लाँचवर तांडेल सुकाणूपाशी उभे राहिले आणि एकेका घराला हाक मारू लागले. भरलं. भरलं. आमच्या यजमानांनीही सांगितले, भरलं. सर्वांत शेवटी ते स्वतःच्या घराला विचारीत, आणि त्याचे उत्तर हलीमाबी देत.

"आपलं घर भरलं?"

हलीमाबी फळीवर बसल्या होत्या. जुलेखा शेजारी, ओले केस, दात वाजत होते, डोळे मिटलेले. हलीमाबींचे दोन्ही हात मांडीवर उपडे पडले होते.

"भरलं," त्या म्हणाल्या.

तांडेलांनी किनाऱ्याकडे पाहिले. मग जुलेखाच्या केसांकडे पाहिले. हमीद त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा होता. तरी ते म्हणाले, "यल्ला."

अर्ध्या वाटेत वारा आला. वाळू आणि पाणी एकत्र तोंडावर आदळत होते, मुले ओकत होती, छताचे कापड फाटून उडून गेले. एक लाट आडवी येऊन आम्हा सगळ्यांवरून गेली. त्या गोंधळात जुलेखाने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "तो कुठं हाय?" कोणीतरी मागच्या बाजूला असेल म्हणाले. मागच्या बाजूला तो नव्हता. तिने आईकडे पाहिले. मग ती उठून सुकाणूकडे धावली, बापाचा हात धरून लाँच फिरव म्हणून ओढू लागली. हलीमाबींनी तिला कमरेला धरून मागे खेचले. जुलेखाने त्यांना मारले. तोंडावर, छातीवर, मुठी वळून मारले, आणि त्या मार खात तिला घट्ट धरून बसल्या. तांडेल एवढेच म्हणाले की आता फिरवली तर लाँच उलटेल, यात लेकरं हायत. ते खरे होते.

वारा पडेपर्यंत कोणालाही जाता आले नाही. तांडेल गेले तेव्हा हमीद झोपडीच्या भिंतीशी सापडला. वाळूने डोळे सुजून मिटले होते, कालवांच्या कडांनी तळहात फाटले होते, जीभ तोंडात मावत नव्हती. डबा कोरडा होता. त्या डब्यावर तो जगला. एक डोळा पुढे गेला तो गेलाच. त्याने सर्वांना सांगितले की मला झोप लागली होती. दुसरे काही सांगायचे तर त्याला तिथे का ठेवले, हेही सांगावे लागले असते. बरा झाल्यावर तो कुवेतला गेला, आणि तिथून तलाक आला. जमातीतले वडीलधारे हलीमाबी दिसल्या की रस्ता बदलू लागले.

वाचकांना वाटेल, गोष्ट इथे बरी संपली. जुलेखा आईच्या घरी आली, तिला मुलगी झाली; पण ती आईशी बोलेना. भिंतीपलीकडून आता हाताचे आवाज येत नव्हते, भांड्यांचेही फार जपून येत. एकदाच मी जुलेखाचा आवाज ऐकला. ती रडत नव्हती. "मरणार तो होता, पण नवरा माजा होता," ती म्हणाली. "तू मना इचारलं नाय, मां. त्याने पण कधी इचारलं नाय."

मूल तान्हे असतानाच जुलेखाने रत्नागिरीला मामांकडे जायचे ठरवले. मीही माहेरी निघाले होते. आगबोट एकच होती. त्या दिवशीही लाटा होत्या. शिडीपाशी, बाळ छातीशी बांधलेली जुलेखा थिजून उभी राहिली, मी एकदा राहिले होते तशी. लाँच खाली जात होती, वर येत होती. हलीमाबी तिच्या मागेच होत्या. त्यांचा उजवा हात वर गेला. मी डोळे मिटले. त्या आवाजाची मी वाट पाहत होते. तो आला नाही. डोळे उघडले तेव्हा हात हवेतच होता, बांगडी कोपराकडे घसरलेली. मग तो हळूहळू खाली आला, आणि हलीमाबी शिडीखाली वाकल्या. आपला खांदा त्यांनी पायरीसारखा पुढे केला. जुलेखाने त्या खांद्याकडे पाहिले. मग तिने त्यावर पाय ठेवला आणि वर चढली. मागे वळून पाहिले नाही.

आम्ही वरच्या कठड्याशी उभ्या होतो. खाली लाँचमध्ये परत जाणारे कोणी उतारू नव्हते, नुसत्या हलीमाबी. तरी तांडेलांनी सुकाणूपाशी उभे राहून विचारले, कारण न विचारता त्यांनी कधी लाँच हलवली नव्हती.

"घर भरलं?"

हलीमाबी फळीवर बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर उपडे. तांडेल थांबले. आगबोटीचा भोंगा झाला, नांगर वर आला, आम्ही सरकू लागलो. लाँच तिथेच होती, लाटांवर खाली-वर होत. ती ठिपक्याएवढी होईपर्यंत मी पाहिले. ती किनाऱ्याकडे वळलेली मला दिसली नाही.

एवढेच मला ठाऊक आहे. निबंध तपासताना मी मुलींना नेहमी सांगे, शेवटी आपले मत द्या. माझ्याजवळ ते नाही. म्हणून वाचकांनाच विचारते: वारा सुटण्यापूर्वी, ओल्या केसांची तुमची मुलगी शेजारी कुडकुडत असताना, तांडेलांनी तुम्हाला विचारले असते, तर तुम्ही काय म्हणाला असता?